हाय म्हणजे आहे

मी मलकापूरची. रत्नागिरी रोडवर आमचं गाव लागतं. एस.टी. थांबते, माणसं उतरून वडा खातात, हात पुसतात आणि कोकणात निघून जातात. मलाही आठवी संपल्यावर आईनं तसंच उचललं आणि राजारामपुरीत मावशीच्या फ्लॅटवर आणून ठेवलं. "शिकायचं तर कोल्हापुरात," एवढंच तिचं म्हणणं. आईच्या म्हणण्यावर आमच्यात कुणी बोलत नाही.

मावशी एका दवाखान्यात रिसेप्शनला असते. सकाळी जाते ती दिवेलागणीनंतर येते. शाळा सुटल्यावर फ्लॅटमध्ये मी, फ्रीज आणि खालच्या मजल्यावरच्या क्लासमधून ऐकू येणारं गणित. मी फ्रीजशी बोलते. हसू नका. तो मध्येच घरघरतो, मध्येच गप्प होतो, म्हणजे निदान ऐकल्यासारखं तरी करतो.

आता तुम्हाला वाटेल ही पोरगी मुखदुर्बळ असणार. अजिबात नाही! मलकापुरात आई म्हणायची, ह्या कार्टीच्या तोंडाला कुलूप लावा आणि किल्ली नदीत टाका. ते कुलूप कोल्हापूरनं पहिल्याच दिवशी लावलं.

बाई हजेरी घेत होत्या. "तेजस्वी चौगुले?"

मी ताडकन उभी राहिले. "मी हाय, बाई!"

पहिल्या बाकावरच्या रुचितानं मागं वळून हात हलवला. "हाऽऽय!" मग सगळ्या वर्गानं हात हलवले. "हाऽऽय! हाऽऽय!" बाईंनासुद्धा हसू आवरेना. मधल्या सुट्टीपर्यंत ते माझं नाव झालं होतं. डबा उघडला की हाय, पाणी प्यायला गेले की हाय. मला आहे म्हणता येत नाही असं नाही हं. निबंधात मी आहेच लिहिते, आणि चांगलं लिहिते. पण तोंड म्हणजे निबंध नव्हे. तिथं विचार करायच्या आत शब्द बाहेर पडतो. म्हणून मी सोपा मार्ग काढला. बोलणंच बंद केलं. शेजारी कुणी बसत नव्हतंच, त्यामुळं फार अवघड गेलं नाही.

शाळेत संगणक नावाचा विषय होता. संगणक कक्षात जाताना चपला बाहेर काढायच्या, देवळात काढतात तशा. आत सगळ्या संगणकांवर प्लॅस्टिकची झाकणं. ती काढायची नाहीत, कारण धूळ बसते. मग आम्ही झाकणांसमोर बसून 'संगणकाचा मेंदू कशास म्हणतात' ते वहीत उतरवून घ्यायचो. कार्यानुभवाच्या तासाला लोकरीची तोरणं करायचो, आणि गणिताचा भाग मागं राहिला असला की तोरणंही राहायची.

दिवाळीनंतर मगदूम सर आले. हातकणंगल्याहून रोज रेल्वेनं यायचे, खांद्याला स्वतःचा लॅपटॉप. पहिल्याच तासाला त्यांनी एका संगणकाचं झाकण काढलं तेव्हा वर्गात सगळे दचकले. मग म्हणाले, "शनिवारी शाळा सुटल्यावर मी एक जादा तास घेणार आहे. मशीनला शिकवायचं कसं ते आपण शिकू. पाठांतर नाही, परीक्षा नाही, मार्क नाहीत."

मार्क नाहीत म्हटल्यावर वर आलेले सगळे हात खाली गेले. एकच राहिला. तो माझा. मला काही लई विज्ञानाची ओढ होती असं नाही. शनिवारी दुपारी फ्लॅट फार रिकामा असतो, एवढंच.

पहिल्या शनिवारी सरांनी लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. "बोल. तू बोलशील ते हा लिहितो."

"काय बोलू?"

"काहीही. तुझ्याबद्दल सांग."

आजूबाजूला कुणी नव्हतं. मी बोलले, "मी मलकापूरची हाय."

पडद्यावर 'मी मलकापूरची' इतकं नीट आलं. पुढचा शब्द इंग्रजीत. एच आणि आय.

मी पडद्याकडं बघत राहिले. म्हणजे हाही त्यांच्यातलाच! फक्त हात हलवायचा राहिला होता.

सर हसले नाहीत. उलट खुर्ची पुढं ओढली. "अजून बोल."

"मला ह्यातलं काय येत न्हाय."

पडद्यावर आलं: मला ह्यातलं काय येत नाईन.

"व्हय," सर स्वतःच बोलले, आणि त्याचं झालं 'व्हाय', डब्ल्यूपासून वायपर्यंत. सर लॅपटॉपला म्हणाले, "का ते तूच सांग की लेका." मग मात्र मला हसू फुटलं. कोल्हापुरात आल्यापासून मी इतक्या मोठ्यानं हसले नव्हते. माझंच हसणं त्या खोलीत घुमलं आणि मलाच ओळखू आलं नाही.

"सर, ह्याला आपलं बोलणं कळतच न्हाय."

"त्याला कुणी शिकवलंच नाही ना. ज्यांनी शिकवलं ते तसं बोलत नव्हते. आपण शिकवू या."

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. रडवेली झाली होती. गॅसची टाकी नोंदवायला तिनं फोन लावला, तर आता माणूस उचलतच नाही, मशीन बोलतं. मशीन म्हणालं, नोंदणी करायची असेल तर होय म्हणा. आई म्हणाली व्हय. मशीन म्हणालं, क्षमस्व, आम्हाला समजले नाही. आई म्हणाली, व्हय की! क्षमस्व. व्हय म्हणतोय न्हवं मगापासनं! क्षमस्व.

"आगं, होय म्हणायचं," मी म्हटलं.

"व्हयच म्हटलं की मी!"

"व्हय न्हवं. होऽऽय."

मग आई म्हणाली, "तूबी आता हसायलीस व्हय मला?"

मी हसत नव्हते, शप्पथ. आमची आई तालुक्याच्या पंचायतीत टेबलावर हात आपटून बोलून आलेली बाई. तिला एक मशीन क्षमस्व म्हणतंय आणि मी तिला शब्द दुरुस्त करून देतेय. शनिवारी गेले ती सरांना सांगूनच टाकलं, "सर, आपण हे तीनच शब्द शिकवायचे. हाय, न्हाय, व्हय."

काम सोपं वाटतं, तसं नाही. एकेक शब्द पुन्हा पुन्हा बोलून साठवायचा. वेगवेगळ्या तऱ्हेनं. रागानं, लाडानं, दमल्यावर, तोंडात घास असताना. मग मशीन त्यातून स्वतःच काहीतरी खूणगाठ बांधतं. हाय ओळखलं की पडद्यावर हिरवा चौकोन, न्हायला लाल, व्हयला निळा. सर म्हणाले, "जितकी माणसं जास्त, तितकं चांगलं. वर्गातल्या मुलींना आण, एकेकीला बोलायला लाव."

मी गेले होते हो. मधल्या सुट्टीत रुचिताच्या घोळक्याजवळ जाऊन उभी राहिले. "मला जरा तुमचे आवाज..." इतकंच बोलले, तर रुचिता म्हणाली, "हाय! बोलली, बोलली!" मी वळले आणि पाणी प्यायला गेले. तहान नव्हती.

मग मला युक्ती सुचली. नकला मला झकास येतात! गावात लग्नात लोक मला मुद्दाम बोलावून नकला करायला लावायचे. शेजारची बयाबाई मिश्री लावून बोलते, तिचं "न्हाय गं बया" थेट नाकातून निघतं. तानाबाईचं बोलणं म्हणजे विहिरीत बादली आपटल्यागत. आई, आमचे वडील आण्णा, दूध गोळा करणारा आदर्श, यष्टीचा कंडक्टर. रिकाम्या फ्लॅटमध्ये मावशीच्या जुन्या फोनवर मी सगळं मलकापूर बोलून घेतलं. बयाबाई विचारायची, तानाबाई उत्तर द्यायची, आण्णा मध्येच खेकसायचे. दारं-खिडक्या लावून. शेजारच्या काकूंनी मावशीला विचारलं म्हणे, तुमच्याकडं पाहुणे आलेत का?

खरं सांगू? ते दिवस मला आवडले. घर भरल्यासारखं वाटायचं. फोन बंद केला की मात्र एकदम सगळी निघून जायची, आणि निघताना येतो म्हणायचीसुद्धा नाहीत.

सरांना मी सांगितलं होतं की सगळे आवाज माझेच आहेत. ते कानाला लावून ऐकत राहिले. "छे! ही बाई वेगळीच आहे," बयाबाईला म्हणाले. मग आदर्शचं ऐकलं. "हा मुलगा आहे की गं!" आम्ही दोघंही खूश. चालेल, म्हणाले.

जानेवारीत संस्थेचे सचिव शाळा बघायला आले. विजयसिंह दादा म्हणतात त्यांना सगळे. शनिवारची ही खोली आणि हा मास्तर एकाच पोरीवर कशाला खर्ची घालायचा, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना स्पष्ट सांगितलं, काय ते त्यांना दाखवा, नाहीतर तो तास स्कॉलरशिपला जाईल. सरांनी मला हे सांगितलं तेव्हा ते लॅपटॉपची वायर उगीच गुंडाळत आणि उलगडत होते. मी मनात म्हटलं, तास गेला तर शनिवार गेला. शनिवार गेला तर आठवड्यात माझ्याशी बोलणारं कोण उरलं?

हॉलमध्ये वर्ग बसवले होते. मोठ्या पडद्याला लॅपटॉप जोडला. मी माईकपाशी जाऊन म्हटलं, "हाय." हिरवा! "न्हाय." लाल! "व्हय." निळा! मागून कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. माझे पाय जमिनीवर नव्हते.

दादांना मजा वाटली. उठून आले. धिप्पाड माणूस, आवाज तालमीतला. "व्हय!"

पडदा पांढराच.

"व्हय की!" काही नाही. "आयला, माझं का ऐकंना हे?"

सर पुढं झाले. "न्हाय." काही नाही. मुख्याध्यापिकाबाई माईकजवळ वाकल्या, "हाय," अगदी जपून, गरम चहा प्यावा तशा. काही नाही. सरांनी मला खूण केली. "हाय," मी म्हटलं. हिरवा.

हसण्याची लाट मागच्या रांगांतून पुढं आली. "बाई, ते तिचंच ऐकतंय!" "घरजावई हाय ते तिचं!"

आणि तेव्हा मला कळलं. बयाबाई, तानाबाई, आई, आण्णा... सरांना ती वेगवेगळी माणसं वाटली, मलाही वाटली. मशीन फसलं नव्हतं. त्याला पहिल्यापासून एकच गळा ऐकू येत होता. एकाच पोरीचा. तेवढाच गळा ते शिकलं.

दादा मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाले, आणि दबक्या आवाजात बोलायची त्यांना सवयच नाही, "एका पोरीसाठी एक खोली, एक मास्तर, आन हे मशीन बोलणार फकस्त तिच्याशी. बंद करा. स्कॉलरशिपची पोरं बसवा."

त्यानंतर मी बोलले. ठरवून नाही. माझं कुलूप कुठं गेलं मला माहीत नाही.

"दादा, ते माझंच ऐकतंय, कारण त्याच्याशी बोलाय दुसरं कोण न्हाय. माझ्याशीबी न्हाय. मी आवाज मागाय गेलतो तर ह्यांनी मला हाय-हाय केलं. मग मी एकटीनंच सगळं बोलले. चूक झाली, पण ती चूक हितंच कळली न्हवं? पुस्तकात कुठं कळणार हाय? संगणकाचा मेंदू कुठला, मला पाठ हाय. पण माझ्या आईला गॅसची टाकी सांगता येत न्हाय, कारण ती व्हय म्हणती आन मशीन म्हणतंय क्षमस्व. ह्यात नापास कोण? आई का मशीन? उद्या दवाखान्यात, बँकेत, सगळीकडं असलं मशीनच बसणार हाय. त्याला आमचं बोलणं शिकवाय कोण येणार हाय? पुण्याचं पावणं? आम्हालाच शिकाय पायजे की ते! तोरणं आम्ही लई केली. दारं बदलली, दादा, आन शाळा अजून तोरणंच करतीया."

मला वाटलं सगळे माझ्याकडं बघताहेत. पण त्यांच्या नजरा माझ्या डोक्यावरून जात होत्या. मी मागं वळले. माईक चालूच होता. पडद्यावर लाल, हिरवा, लाल, निळा, हिरवा, मी बोलले त्यातला एकेक हाय, न्हाय, व्हय मशीन टिपत गेलं होतं. शेवटचा हिरवा अजून विझायचा होता. साऱ्या हॉलमध्ये माझं बोलणं पूर्ण ऐकणारं ते एकटंच होतं.

रुचिता पहिल्या रांगेत बसली होती. तिनं हात हलवला नाही.

मग टाळ्या झाल्या. दणदणीत झाल्या, खोटं कशाला बोलू. दादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "वाघीण हाय पोरगी! बाई, हिला वक्तृत्वाला घाला."

"आणि तास, दादा?" मगदूम सरांनी विचारलं.

"बघू," दादा म्हणाले.

आमच्याकडं बघू म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं. सोमवारी वेळापत्रकात शनिवारपुढं स्कॉलरशिप लिहिलं होतं, आणि मगदूम सरांना संस्थेच्या दुसऱ्या शाळेत पाठवलं होतं. माझं नाव मात्र वक्तृत्वात घातलं. पाठ करायला छापील भाषणही मिळालं: 'आधुनिक युगातील शिक्षण'. सगळीकडं आहे, आहे, आहे.

सर त्यांचं सामान न्यायला आले तेव्हा फाटकाशी भेटले. गाडीची वेळ झाली होती तरी थांबले. "मशीन चुकलं नव्हतं, तेजस्वी. मी तुला अडवायला पाहिजे होतं. आवाज कमी पडले."

"किती लागतील, सर?"

"तुझ्याशिवाय दुसरा एक तर आण, मला फोनवर पाठव. तिथून सुरू होतं."

ते गेले. रिक्षात बसताना त्यांनी मागं बघून हात केला. मीही केला.

संध्याकाळी मी जिन्यातून वर चालले होते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या क्लासला रुचिता येते. मी वरच राहते हे तिला ठाऊक आहे, पण जिन्यात तिला मी कधी दिसत नसे. त्या दिवशी ती वळणावर भिंतीकडं तोंड करून फोनवर बोलत होती.

"व्हय आज्जी. जेवलो की... न्हाय गं, ह्या रविवारी न्हाय जमत. टेस्ट हाय... आगं, टेस्ट हाय म्हटलं न्हाय का मगाशी?"

जेवलो! आमच्याकडं बायाबापड्या मी जेवलो, मी गेलतो असंच म्हणतात. रुचिता वर्गात कशी बोलते ते मला माहीत आहे. प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. आणि इथं ती अगदी आमच्यातली.

फोन ठेवून वळली तर समोर मी.

"काय बघतीयस?" आणि लगेच सावरून, "काय बघतेस?"

"कुठली तू?"

"हातकणंगल्याची. इथं काकांकडं राहते. का?"

"आज्जी तिकडं?"

"तिकडंच." तिनं फोन मुठीत धरला. "वर्गात सांगणार असशील तर सांग."

"कुणाला सांगू? वर्गात माझ्याशी बोलतंय कोण?"

ती चपलेच्या टोकानं पायरीवरची खपली काढत राहिली. मी मावशीचा जुना फोन काढला. "मला तुझा आवाज दे. आत्ता बोललीस तसा."

"तास बंद झाला ना तुमचा?"

"तास झाला. मी न्हाय."

तिनं वर क्लासच्या दाराकडं बघितलं, खाली बघितलं, मग फोन माझ्या हातातून घेतला. "हाय. न्हाय. व्हय," म्हणाली, पाढे म्हणावेत तशी.

"असं नको. वाचल्यागत येतंय. आज्जीशी बोल."

"फोनवर कुणी नाही आणि बोलू?"

"मी महिनाभर तेच केलंय. जमतंय."

ती जरा हसली. मग परत भिंतीकडं तोंड केलं. मला तिची वेणी तेवढी दिसत होती.

"आज्जी, मी हितं हाय... व्हय, अभ्यास करतोय. व्हय, पहिलाच नंबर हाय. खायाप्यायाचं काय कमी न्हाय." थांबली. मला वाटलं झालं. मी हात पुढं केला, पण ती पुढं बोलली, आणि हळू. "मैत्रिणी? हायत की. लई हायत. न्हाय गं आज्जी, एकटी न्हाय. शप्पथ न्हाय."

जिन्यात कुणीच नव्हतं. रेकॉर्डिंग चालू होतं.

"रुचिता! तास सुरू झाला!" वरून हाक आली.

"आले सर!" परत इस्त्री. फोन माझ्या हातात कोंबला. डोळे माझ्याकडं नव्हते. "हे कुणाला ऐकवू नकोस."

"मशीनला?"

"मशीनला चालेल." दोन पायऱ्या एकदम चढत ती गेली. दार लागलं.

मी तिथंच पायरीवर बसून ते परत लावलं. हाय, व्हय, न्हाय, सगळं स्वच्छ होतं. माझ्याशिवायचा पहिला आवाज. मशीन शिकेल त्यावर. 'एकटी न्हाय'ला लाल चौकोन दाखवेल, आणि बरोबरच असेल, कारण शब्द न्हायच आहे. त्यापुढचं त्याला कळणार नाही. ते मला कळलं होतं.

दाराआडून गणित ऐकू येत होतं. तास सुटायला अजून बराच अवकाश होता. मी वर गेले नाही. दप्तर मांडीवर घेतलं, पायरीवर एका बाजूला सरकले आणि तिची वाट बघत बसले.